बाहेर पडायचं कलम

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
२२ जानेवारी १९८५

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इथे थंडीने कहर केलाय. काल पाइप गोठले आणि मी भांडी घासायला बर्फ वितळवत बसले होते.

परवा तू इतका तडकलास की मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहिते. पत्रात मधेच फोन आपटता येत नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळाने तुझ्या महासंघातून बाहेर पडायचं ठरवलं, एकतीस विरुद्ध आठ मतांनी. त्यावर तुझं म्हणणं, "सुमे, घटनेत बाहेर पडायचं कलमच नाही. मीच ड्राफ्ट केलीय. यू सिंपली कॅनॉट लीव्ह." खरं आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्याच किचनमधल्या टेबलावर बसून तू ती लिहिलीस. एकेचाळीस कलमं! गणपतीच्या आरतीला कोणत्या मंडळाने आधी उभं राहायचं, यावर तीन पोटकलमं आहेत. कुणी सोडून जाईल हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी चहा ओतत होते, माझ्याही आलं नाही.

पण या वयात मी लॉ स्कूलला जाते ती काही वेळ जात नाही म्हणून नाही. या टर्मचा माझा पेपरच ग्रीनलंडवर आहे. ते बेट डेन्मार्कच्या ताब्यातलं, म्हणून डेन्मार्कबरोबर युरोपच्या आर्थिक समुदायात ओढलं गेलं. तिथल्या बहुतेकांनी तेव्हाही नकोच म्हटलं होतं. आपल्या समुद्रातले मासे कुणी धरायचे हे ब्रसेल्सने ठरवावं, हे त्यांना पटेना. मग त्यांनी मतदान घेतलं आणि निघाले. गंमत म्हणजे समुदायाच्या करारातही बाहेर पडायचं कलम नाही. करार अमर्याद काळासाठी आहे, एवढंच लिहिलंय. लिहिलं नाही म्हणजे मनाई, की लिहिलं नाही म्हणजे मोकळीक, यावर आमच्या वर्गात दोन दिवस खडाजंगी चालली होती. शेवटी दहाही देशांनी सह्या करून करारच बदलला. येत्या एक तारखेला ग्रीनलंड बाहेर. संबंध तुटले नाहीत, नव्याने लिहून घेतले.

तेव्हा तूही सही कर. नाही केलीस तरी आम्ही निघालोच. नोटीस सोबत जोडली आहे.

आता जे फोनवर बोलायचं मी टाळलं ते. दिवाळीत तू नवा नियम आणलास, नवरा-बायको दोघंही मराठी असतील तरच ते कुटुंब सभासद. अख्ख्या महासंघात तसं नसलेलं कुटुंब एकच आहे, आमच्या मंडळातलं. नियम कुणासाठी केलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पद्मजासाठी, तुझ्या मुलीसाठी. तिने डॅनियलशी लग्न केल्यापासून दोन वर्षं तू तिचं नाव घेत नाहीस, आणि मीही तुझ्यापुढे कधी घेतलं नाही. भित्री मी. त्याची मला लाज वाटते. म्हणून बाहेर पडायचा ठराव मीच मांडला.

दादा, तिला मुलगी झालीय. पाच आठवड्यांची आहे. वहिनीला माहीत आहे. तिच्यावर ओरडू नकोस, तिला गप्प राहायला मीच सांगितलं होतं. बाळाचे कान तुझ्यावर गेलेत, त्याला आता इलाज नाही.

बारसं शनिवारी, दोन तारखेला सकाळी अकरा वाजता, आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये. पाळणा डॅनियलने स्वतः केलाय. कानात नाव सांगायला त्याची बहीण येतेय, आत्या म्हणून. महिनाभर बिचारी उच्चार घोकतेय. पद्मजा मला म्हणाली, "आत्या, बाबांना विचारूच नकोस. ही विल जस्ट से नो." मी तिला न सांगता लिहितेय.

तू म्हणशील, तिचा माझा संबंध संपला. कुठे लिहिलंय तसं? तुझाच मुद्दा आहे, कलम नाही तर बाहेर पडता येत नाही. मंडळाच्या बाबतीत तो मुद्दा मी मोडून काढीन, कोर्टात जायची वेळ आली तरी चालेल. पद्मजाच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे. बापाला बाहेर पडायचं कलम नाही. मी शोधून पाहिलं.

हर्नडनहून इथे यायला साडेचार तास लागतात. सहाला निघ, वहिनीला मागच्या सीटवर पाय लांब करून बसव.

महासंघातून बाहेर पडलेली, तरी तुझीच,
सुमेधा