निळ्या बाटलीची पाटी

५ जानेवारी, रविवार

आज सर्जेरावांनी मला तिसऱ्यांदा सुनावलं — ‘भिवाजी, मुद्द्यावर या!’

मंडळाची बैठक होती. मंठा जुनी बाटली संग्राहक मंडळ. सभासद सात, हजर पाच, त्यातले दोन चहापुरते. जिल्ह्यात असं दुसरं मंडळ नाही, हे अध्यक्ष सर्जेराव दर बैठकीला सांगतात. हे पहिलं तरी कशासाठी आहे, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी माझी गोळीसोड्याची बाटली नेली होती. हिरवट काच, गळ्यात गोळी. हलवली की टिणटिण. मला एकदम चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी टेबलावर रूळ आपटून ठेका धरायचे आणि आम्ही ओढ्याची कविता चालीवर म्हणायचो. दोनच ओळी म्हणून दाखवल्या! तर सर्जेराव म्हणतात, ‘ओढा राहू द्या. तळाला कारखान्याचं नाव हाय का?’

नाही. मग बाटली बाद. ओढाही बाद.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरलं. जालन्याहून कुणी साहेब येणार. मग धर्मराजने तोंड उघडलं. त्याचं भंगाराचं दुकान आहे. मंडळात काचेतलं खरोखर कळणारा तो एकटा, म्हणून त्याला कोपऱ्यातली खुर्ची. म्हणाला, ‘तीन कोसांवरच्या वाडीत एका म्हातारीकडं निळी बाटली हाय. सहा कोनाची, अंगावर उभ्या रेघा. बूच लावलेली. अन् भरलेली.’

भरलेली! सर्जेरावांच्या हातातला कप तसाच राहिला. एवढी शांतता दोन मिनिटांच्या श्रद्धांजलीलाही पाळली जात नाही.

घरी येऊन गिरिजाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ‘पस्तीस वर्षं दवाखान्यात बाटल्या धुतल्या, आता घरी बसून पुसा,’ म्हणाली. मान वर केली नाही.

८ जानेवारी

काळी-पिवळी जीपमधून वाडीला गेलो. सर्जेराव, धर्मराज, मी. सर्जेरावांनी पुढची जागा धरली — अध्यक्ष ना! मला मांडीवर कुणाची तरी कोंबडी.

म्हातारीचं नाव झुंबरबाई. बहात्तरीच्या असतील. ताठ. अंगणाच्या मधोमध भिंत, पुरुषभर उंच. भिंतीपलीकडे कुणी तरी धुणं आपटत होतं.

बाटली आणली त्यांनी. काय तो निळा रंग! संध्याकाळ उतरताना शाळेच्या कौलांमागे दिसायचा तसा. मी मनातल्या मनात एक ओळ जुळवली — ‘निळ्या काचेत कुणी आभाळ कोंडले’. ओठांवर आली तेवढ्यात सर्जेराव ओरडले, ‘बूच ओरिजिनल!’

उभ्या रेघा कशासाठी, ते मी सांगितलं. अंधारात हात लागला तरी कळावं, की ही प्यायची बाटली नाही. अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरंही आहेत — नॉट टू बी टेकन. पोटात घेऊ नये.

‘तेच तर!’ झुंबरबाई म्हणाल्या. ‘इख हाय त्यात. माज्या थोरल्या जावंनं मला पाजायला आणलं व्हतं.’ आणि भिंतीकडे बोट केलं. पलीकडचं धुणं चालूच.

हकीकत अशी. त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळ. दोघी जावा खडी फोडायला जायच्या. झुंबरबाईंना ताप भरला. थोरली जाऊ चतुराबाई मंठ्याला चालत गेली, ही बाटली घेऊन आली. झुंबरबाईंचा भाऊ आठवीत. त्याने अक्षरं लावून वाचलं आणि म्हणाला, आक्का, हे घ्यायचं नाही, असं विषाच्या बाटलीवर लिहितात, आमच्या मास्तरांनी सांगितलंय.

‘म्या थेंब घेतला न्हाई. ताप आपसूक उतरला. बुचावर मेण वतलं, अन् बाटली ठिवली पुरावा म्हणून.’

‘मग जावेला विचारलं का?’ मी.

‘इचारायचं काय? इख देणारी काय व्हय म्हणल? त्या दिसापून बोलले न्हाई. चूल येगळी केली. मंग भिंत घातली.’

‘का बोलत नाही, ते तिला सांगितलं तरी?’

‘ज्याचं त्याला कळतं, सायेब.’

बाटली प्रदर्शनाला द्यायला त्या तयार. अट एक. खाली पाटी लावायची — ही बाटली चतुराबाईनं धाकट्या जावेला मारायला आणली. ‘नाव मोठं लिवा. मला वाचता येत न्हाई, पर बाकीच्यांना येतं. मरायच्या आधी समद्या मुलखाला कळू द्या.’

सर्जेराव म्हणाले, ‘बिलकुल!’ लगेच. भाव ऐकल्यावर व्यापारीसुद्धा एवढ्या जल्दी हो म्हणत नाही.

मी बाटली फिरवून पाहिली. मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली. डोसाची. तपकिरी पडलेली.

पुढचं उद्या लिहितो.

९ जानेवारी

शेवटची खाच गोल आहे.

१० जानेवारी

लिहून टाकतो. वहीला काय, ती कुठल्या मंडळाची सभासद नाही.

तेव्हा औषध पातळ असायचं. बाटलीत भरायचं आणि बाहेरून कागदाची पट्टी लावायची. पट्टीला कात्रीने खाचा. एक खाच, एक डोस. सगळे कंपाउंडर तिकोनी खाचा पाडायचे. मी शेवटची गोल पाडायचो. बरं वाटलं की लोक शेवटचा डोस सोडून देतात, म्हणून. गोल दिसली की पेशंटला आठवावं — अजून एक आहे! डॉक्टर म्हणायचे, ‘हा आमचा कवी.’ महाराष्ट्रात गोल खाच दुसऱ्या कुणी पाडली असेल, तर त्याला माझा साष्टांग. पण नसेल पाडली.

मी तेवीस वर्षांचा. मंठ्याच्या दवाखान्यात नवा. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेला पहिला! गावातले लोक माझ्या हातचं पाणी घेत नव्हते. माझ्या हातचं मिक्श्चर मात्र खाचेबरहुकूम पीत. तापाला विटाळ नसतो.

पेशंटने बाटली घरून आणायची, असा तेव्हा रिवाज. दुष्काळात कुठली बाटली? ती बाई आली, पायाला फुफाटा, हातात पितळेचा गडू. म्हणाली, ‘ह्यात द्या.’ आणि मी काय म्हणालो? ‘गडूला पट्टी कुठं चिकटवू?’

वा! काय तो नेटकेपणा!

माळ्यावर निजामाच्या काळातल्या निळ्या बाटल्या होत्या. मलमं आणि बाहेरून लावायच्या औषधांच्या. अक्षरं मी वाचली होती. न वाचता दिली असती तरी बरं. मनात म्हटलं, खेड्यात इंग्रजी कोण वाचतंय! उकळून धुतली, तापाचं औषध भरलं, पट्टी लावली, दिली. अशा तीन दिल्या. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी झापलं — परत आण सगळ्या! दोन आल्या. तिसरी आली नाही. मी शोधायला गेलो नाही. नोकरी जाईल, ही भीती. मनाला सांगितलं, फुटली असेल. पुढच्या वर्षी जाफराबादला बदली झाली. बाटली मागे राहिली, मी सुटलो.

फुटली नव्हती. पुरावा म्हणून ठेवली होती. भलत्याच माणसाविरुद्ध.

१२ जानेवारी, रविवार

बैठक. सर्जेरावांनी जाहीर केलं, पट्टी १९११ची. कशावरून? ‘कागदावरून.’ कागद जुन्या रजिस्टरचा मागचा कोरा भाग होता. तो मीच फाडला होता.

धर्मराज कोपऱ्यातून म्हणाला, ‘बाटली जुनी. पट्टी मागून लावल्याली हाय.’ त्याला गप्प बसवण्यात आलं. खरं बोलणाऱ्याची खुर्ची आणखी भिंतीकडे सरकली.

पाटी लिहायचं काम कुणाला? ‘भिवाजींना! अक्षर मोत्यासारखं.’ टाळ्या.

चतुराबाईचं नाव माझ्या अक्षरात. मोठं.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळा गाव गोड बोलून राह्यला. मी सोडून.

१७ जानेवारी

धीर करून सर्जेरावांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. खिडकीतल्या बाटल्यांवर ऊन पडलं होतं, भिंतीवर हिरवे-पिवळे डाग. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, माणूस मोठा आहे!

मग म्हणाले, ‘म्हणजे आत नुसतं तापाचं औषध?’

‘हो.’

‘मंग कशाला बोलता? विषाची भरलेली बाटली आख्ख्या मराठवाड्यात न्हाई. तापाच्या औषधाला कोण येतंय बघायला?’

मी म्हटलं, ‘एका बाईच्या नावाला काळं लागेल.’

‘ती एकोणऐंशीची हाय, भिवाजी. तिला कुठं सोयरीक जमवायची हाय आता?’ आणि चहा मागवला. प्यायलो मी तो चहा. हे पण लिहून ठेवलेलं बरं.

१९ जानेवारी

आज बैठकीला गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. कंपाउंडरला रोग निवडायला त्रास नाही.

दिवसभर ओट्यावर बसून हिशेब... हिशेब कसला, सबबी. पंचाहत्तरी आली. बाजारातून जाताना लोक अजून म्हणतात, ‘कंपाउंडर काका, तुमच्या हाताला गुण होता.’ पंधरवड्याने म्हणतील — यानेच ती बाटली दिली! ज्यांना तेव्हा माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांचे नातू म्हणतील, आमचे आजोबा उगाच नव्हते म्हणत. एका माणसाची चूक आमच्याकडे एकट्याची कधी राहत नाही. सगळ्या वस्तीच्या नावावर चढते. ही सबब खोटी नाही. पण सबबच.

भिंतीपलीकडे धुणं आपटणारी बाई मला दिसली नाही. आवाज ऐकला फक्त. तीन कोस जायला, तीन कोस यायला. उन्हात. जावेच्या तापासाठी.

२१ जानेवारी

गिरिजाला सांगितलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, रडेल, नाही तर समजूत घालेल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘कात्री तुमची, अक्षर तुमचं, चूक पण तुमची. मंग पाटीवर नाव दुसरीचं कशाला लिवून राह्यले?’

‘लोक काय म्हणतील?’

‘म्हणतील, कंपाउंडर चुकला. मेला तर कुणी न्हाई ना? पर तिकडं ती बाई जित्तेपणी मेलीय, तिचं काय?’

भाकरी तव्यावर टाकली. विषय संपला. मंडळाला ही बाई अध्यक्ष मिळाली असती, तर आमच्या बैठका सात मिनिटांत आटोपल्या असत्या.

२३ जानेवारी

पाटीचे चार मसुदे केले. चौथा पद्यात. ‘उन्हात आली माय कुणाची, हाती गडू रिकामा’ — इथून सुरुवात. बरा जमला होता. गिरिजाला म्हणून दाखवला.

‘कबुलीला चाल कशाला पाहिजे?’ म्हणाली.

फाडला.

२६ जानेवारी

प्रदर्शन झालं. म्हणजे त्याचा बोजवारा उडाला.

पाटी मी झाकून नेली आणि झेंडावंदन चालू असताना बाटलीखाली ठेवली. मजकूर असा —

‘तापाचे औषध, उन्हाळा १९७३. चतुराबाईंनी आजारी जावेसाठी सहा कोस पायपीट करून आणले. औषध चांगले होते. बाटली चुकीची दिली गेली. देणारा — भिवा, कंपाउंडर, मंठा.’

चतुराबाईंचं नाव मोठं लिहिलं. तशी अटच होती.

सर्जेराव जालन्याच्या साहेबांना घेऊन आले. न वाचताच सुरू — ‘साहेब, हे विष...’ साहेब वाचत होते. वाचून म्हणाले, ‘क्रोसीन आहे का?’ आणि पुढच्या टेबलाकडे गेले. सर्जेराव माझ्या कानाशी येऊन, दात न उघडता, ‘भिवाजी, तुमचं सभासदत्व!’ म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. क्रियापद मीच लावून घेतलं.

धर्मराज मात्र जवळ आला. पट्टीवर बोट टेकवलं. ‘म्हणलं न्हाई मी, मागून लावल्याली हाय? खाच मस्त पाडलीय, काका.’ उभ्या आयुष्यात माझ्या कलेला मिळालेली ही पहिली दाद. ओढ्याच्या कवितेलासुद्धा नाही मिळाली.

मग झुंबरबाई आल्या. नवं लुगडं नेसून. समद्या मुलखाला कळायचं होतं ना! पाटीसमोर उभ्या राहिल्या, बोटाने अक्षरांची लांबी मापली. मला म्हणाल्या, ‘वाचा की, सायेब. मोठ्यानं.’

शाळेत कविता म्हणायला उभा राहायचो, तसा उभा राहिलो. वाचली. त्यांच्या तोंडाकडे न बघता. मग गडूचंही सांगितलं. गडूचं पाटीवर मावलं नव्हतं.

झुंबरबाई बाटलीकडे वळल्या. मग विचारलं, ‘म्हंजी ती चालत गेल्ती, ते खरंच दवाखान्यात?’

‘हो.’

‘अन् इख न्हवतं.’

‘नव्हतं, आक्का. मी चुकलो. शोधायला यायला पाहिजे होतं, ते पण आलो नाही.’

वाटलं, शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. त्यांनी बाटली उचलली, पदरात गुंडाळली आणि चालायला लागल्या. सर्जेराव मागे धावले — ‘आजी, प्रदर्शन संध्याकाळपर्यंत हाय!’ त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

टेबलावर नुसती पाटी राहिली. लोक दिवसभर तीच वाचत होते.

२७ जानेवारी

बाजारात गेलो. दोघांनी नमस्कार केला, एकाने तोंड फिरवलं. एवढंच. ह्यासाठी बावन्न वर्षं भ्यालो!

२८ जानेवारी

सकाळी झुंबरबाईंचा फोन. परवा जीपमधून उतरल्या त्या सरळ चतुराबाईच्या दारात गेल्या. बाटली पुढ्यात ठेवली, सगळं सांगितलं. चतुराबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘त्याच्यापायी बोलत न्हवतीस व्हय? मला वाटलं, तुजी सोन्याच्या पुतळ्यांची माळ म्या मोडली अन् घरात दाणे आणले, ते तुला कळलं!’

‘माळ खडीवर पडली समजून म्या रडले, कंपाउंडर! अन् तीच माजे डोळे पुसत व्हती!’ झुंबरबाई फोनवर ओरडल्या.

‘मग आता?’

‘आता काय! दोन दिस झाले, भांडून राह्यलो. घसा बसला माजा. ठिवा फोन — ती आली परत.’