रविवारचं मीठ

१ एप्रिल
पोहोचले एकदाची. सामान अजून खोक्यांतच आहे, पण रोजनिशी हाताशी लागली. लग्न केलं आणि आयती मुलगी, आयतं घर, वर मागच्या अंगणात चक्क पोहण्याचा तलाव. चंगळच आहे माझी. नवऱ्याची मुलगी चिमी दुसरीत आहे. तिने दारातच माझा हात धरला आणि तलावाकडे ओढत नेलं. ती मला ‘नवी’ म्हणते. सासूबाईंनी मावशी म्हण म्हणून दटावलं, पण मला ‘नवी’च आवडलंय. तिची आई आजारपणात गेली, एवढंच मला ठाऊक आहे.

५ एप्रिल, रविवार
आज एक गंमत पाहिली. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी उठून गोणभर मीठ तलावात ओतलं. त्या ओतेपर्यंत कोणी पाण्यात पायही घालायचा नाही, असा घरचा दंडक आहे.

अशा तलावाला मीठ लागतं हे मला माहीत आहे. त्यापासून यंत्र क्लोरीन बनवतं आणि पाणी स्वच्छ राहतं. मीठ कमी झालं की यंत्रावर लाल दिवा लागतो, पुरेसं असलं की हिरवा. पण इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ते काय उगाच? उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. मग दर आठवड्याला गोण कशाला? जेवताना विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या की आमच्याकडे घालतात, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. नवऱ्याने तर मिठाची गुळणीच धरली.

११ एप्रिल
दिवा लाल झालाय. मला वाटलं, तलाव गळत असणार. तलावाच्याच पाण्याने बादली भरून पायरीवर ठेवली आणि दिवसभर दोन्हीकडची पातळी पाहत राहिले. दोन्ही सारख्याच उतरल्या, म्हणजे नुसतं ऊन. गळती नाही. मग गोणीत तरी खरं मीठ असतं का? चाखून पाहिलं. मीठच आहे. या घरात कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते सासूबाईंना पक्कं ठाऊक आहे.

१४ एप्रिल
सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या. रिक्षात बसल्यावरही खाली उतरून मला मिठाची आठवण करून दिली. मी हो हो म्हटलं.

१९ एप्रिल, रविवार
नाही घातलं. नवऱ्याने विचारलं, तेव्हा घातलं म्हणून ठोकून दिलं. आता बघतेच.

२३ एप्रिल
दिवा हिरवा. चिमूटभर मीठ न घालता हिरवागार. सासूबाई आल्या की त्यांना हाताला धरून यंत्रापुढे उभं करणार आहे. चिमी रोज दुपारभर पाण्यात असते. बाहेर आली की दमून जमिनीवरच झोपते.

२६ एप्रिल, रविवार
आजही नाही घातलं. यंत्रावरचा मिठाचा आकडा उलट वाढलाय. असं कसं होईल?

चिमीचं डोकं दुखतंय, सकाळपासून उलट्या चालल्यात. स्वयंपाकघरात ओट्याखाली सापडली, बरणीतलं मीठ मुठीने खात होती. मी बरणी काढून घेतली, तर माझ्या हाताला चावली.

२८ एप्रिल
चिमी चालताना पडली. रडत होती म्हणून जवळ घेतलं, गालावर पापा घेतला. तिच्या डोळ्यांतलं पाणी नुसतं पाणी होतं. अळणी. नळाचं असावं तसं. मी स्वतःचं मनगट चाटून पाहिलं, ते खारट लागलं. माझी जीभ ठीक आहे.

मला फार भीती वाटतेय.

२९ एप्रिल
तिला हॉस्पिटलात ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार उतरलंय. सलाईन लावलंय, पण आकडा चढत नाही.

सासूबाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, मीठ घालत होतीस ना. मी नाही म्हणाले. त्या रडू लागल्या. चिमीची आईसुद्धा अशीच गेली म्हणाल्या. तिचाही विश्वास नव्हता. आपण दिलं नाही तर ते पाणी स्वतःच घेतं, आणि एकदा माणसाची चव लागली की— पुढचं त्यांना बोलवेना. शहाण्या सुनेला हे सांगायची त्यांना लाज वाटली म्हणे. मिळेल त्या गाडीने निघतायत.

३० एप्रिल, सकाळ
होत्या तेवढ्या गोणी ओतल्या. मीठ विरघळत नाही. तळाशी ढीग तसाच पडलाय. पाणी त्याला शिवतसुद्धा नाही.

तलाव रिकामा करायला घेतला. पाणी वीतभर उतरलं नाही तोच हॉस्पिटलातून नवऱ्याचा फोन, चिमीला झटके येतायत. झडप बंद केली. झटके थांबले.

दुपार
ढीग हलवून पाहावा म्हणून गुडघाभर पाण्यात उतरले. नवऱ्याचा फोन, चिमीचा आकडा चढला. बाहेर आले, पुन्हा उतरला. परत आत गेले—

चढला.

म्हणजे त्याला कोणीही चालतं.

पायरीवर बसलेय. कमरेपर्यंत पाणी. वही मांडीवर टेकवता येत नाही, काठावर ठेवलीय. सासूबाई येईपर्यंत एवढंच करायचं. पाणी कोमट आहे. पोटऱ्यांना काहीतरी हळूहळू— मांजर चाटतं तसं—

डोकं ठणकतंय. दोनदा ओकले. चिमीने डोळे उघडले म्हणे. उठायचं नाही. काही झालं तरी उठायचं

हात चाटला. चव नाही.

कुणीतरी येणार होतं. बाई. रिक्षातून. त्या आल्या की— काय करायचं होतं?

फोन वाजला. एक लहान मुलगी बोलतेय. भूक लागली म्हणतेय, हसतेय. मला नवी म्हणतेय. किती गोड आवाज आहे. तिला विचारलं, बाळ, तू कुणाची गं, तर ती एकदम हुंदके द्यायला लागली आणि

मी काही चुकीचं बोलले का? तिला रडवायचं नव्हतं मला, मी तर फक्त