एकाच भट्टीची दोन लेकरं

मी, मारोतराव लहानू निंबार्ते, वय बहात्तर, राहणार हुडको, भिलाई, स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. साखर वाढली आहे, अक्कल शाबूत आहे.

१. राहते घर मुलगी वंदना आणि मुलगा कमलेश यांचे सारखे. मध्ये भिंत घालू नये. पुढची खोली वंदनाची, तिला येणारे-जाणारे लागतात. अंगणाकडची कमलेशची, त्याला लागत नाहीत. बँकेतली ठेव निम्मी निम्मी.

२. हे कलम लांब आहे, वकिलांनी कापू नये. सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी मनकर्णा वारली. वंदना ऊर बडवून रडली. कमलेश मागे जाऊन बिघडलेला पंप उघडून बसला. मी चारचौघांत म्हणालो, “माय मेली अन् तुले पंपाची पडली?” तो म्हणाला, “लोकं येऊन राहिले, बाबा. पाणी लागन.” मी त्याला दगड म्हणालो. तेरवीनंतर तो मोहन नगरला भाड्याने राहायला गेला. दर उन्हाळ्यात येऊन माझ्या कूलरची खस बदलतो, पण या घरचे पाणी पीत नाही.

तेहतीस वर्षे मी भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याचा नमुना वेगळा तपासला. माल तोच, भट्टी तीच, तरी पोलाद दरवेळी सारखे निघत नाही. नोकरीत न तपासता कधी शेरा मारला नाही. घरी मारला.

माझे वडील गेले त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला गेलो होतो. ड्यूटी होती असे सर्वांना सांगितले. खरे म्हणजे सुट्टी मंजूर होती, पण लोकांसमोर मला रडता येत नव्हते. हे फक्त मनकर्णाला ठाऊक होते. कमलेश माझ्यावरच गेला आहे. माझे चुकले.

३. मनकर्णाची लुगडी वंदनाला, माझी हत्यारपेटी कमलेशला.

४. “पोराच्या डोळ्यात टिपूस नाही,” हे शेजारच्या गिरजाबाईंनी तेव्हा गल्लीभर केले होते. म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावले. म्हणाल्या, “भाऊजी, मलेच कावून?” म्हटले, तेव्हाचे सांगितले, आता हेही सांगा.

५. मी गेल्यावर कमलेशला कोणी रडायला सांगू नये. त्या दिवशी पंप नीट चालत असेल, तर वंदनाने आधीच जाऊन त्याचा एखादा नट ढिला करून ठेवावा.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

मारोतराव लहानू निंबार्ते

आमच्यासमोर सही झाली:
१. गिरजाबाई डोमाजी मेश्राम, शेजारी
२. भूपेंद्र साहू, प्रयोगशाळेतले जुने सोबती

हुडको, भिलाई
९ मार्च २०२५