तिसऱ्या दिवशीची वैशू

१२ ऑगस्ट २००२
वैशूला जुन्नरच्या डॉ.ना दाखवली. जीप सोसावी म्हणून आधी दोन दिवस शाळेत पाठवली नव्हती. सकाळी न्हाऊ घातली, तेल, दोन वेण्या, मामाने केलेला ड्रेस. आत्याबाई (सासूच पण आम्ही आत्याबाईच म्हणतो) म्हणाल्या, "तालुक्याला जायचं तर पोरगी नीटनेटकी दिसाय पायजे." डॉ.नी जीभ बघितली, पोट दाबलं, रक्ताचे कागद चाळले. "सगळं नॉर्मल. छान टवटवीत आहे की!" जूनच्या तापापासून पोरगी सारखी अंथरूण धरते, हे तीनदा सांगितलं. म्हणे दहावीचं टेन्शन. टॉनिक दिलं. बास.
वै. उ.

१५ ऑगस्ट
झेंड्याला गेली नाही. केस विंचरायला हात वर जाईना. खिडकी लाव म्हणते, उजेड टोचतो. डेअरीवर दूध तपासून साडेनऊला आले तरी चहा तसाच, वर साय धरलेली. या म्हणावं डॉक्टर, आता टवटवीत बघायला.
वै. झो. काल पण झो.

२६ ऑगस्ट
परत जुन्नर. परत न्हाणं, वेण्या. वैशूला बाहेर बसवून मला विचारतात, "शाळेत कुणी मुलगा वगैरे?" माझं डोकंच फिरलं. म्हणले, "साहेब, संडासला जायला तिला भिंत धरावी लागते. मुलगा कुठला आणताय?" कंपाउंडर हसला. डॉ. नाही हसले. म्हणाले, लाड बंद करा, रोज चालवा, घाम येईपर्यंत.
उ.

३० ऑगस्ट
चार दिवस चालवतेय. आज ओढ्यापर्यंत. मधेच "आई, बास" म्हणाली. मी म्हणले, अजून थोडं. पाय ओढत आली पण आली. ते एवढे शिकलेले, मी दहावी नापास. माझं काय ऐकायचं म्हणून त्यांचं ऐकलं.

८ सप्टेंबर
आठ दिवस झाले, उठली नाही. घास भरवते. आवाज बसलाय, पाणी खुणेनं मागते. ओढ्याला मीच नेली होती, दुसऱ्या कुणी नाही. ती बास म्हणाली तेव्हा मागं फिरायला मला काय धाड भरली होती?
झो.

१४ सप्टेंबर, शनिवार
हेडसर गणपतीला आले. प्रसाद हातात धरूनच म्हणाले, "वहिनी, हजेरी भरत नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या, नाहीतर मार्चच्या परीक्षेतून नाव कमी करावं लागेल." दहा ऑक्टो. शेवट.
हे भोसरीहून आलेले होते. "एक वर्ष राहू दे गं, जीवापेक्षा काय परीक्षा मोठी." ह्यांचं बरं, शनिवारी यायचं, सोमवारी जायचं. आत्याबाई तर पुढंच गेल्या. "न्हाई दहावी तर न्हाई. पावणं विचारत्यात. लगीन झालं की आपोआप उठतीय बघ." मी म्हणले, "आत्याबाई, चूल पेटवायला उठायचं त्राण न्हाई, अन् सासर कुठलं काढलंय?"
वैशू आतून ऐकत होती. हेडसर गेल्यावर म्हणाली, "मला परीक्षा द्यायची हाय. झोपून लिहीन." एवढं बोलूनच दमली.

२० सप्टेंबर
मंचरला मोठे डॉ. कुणी तरी नाव सांगितलं होतं. आठवडाभर अंथरुणातून उठू दिली नाही, मगच नेली. माणूस बरा, वयस्क, ओरडत नाही. दोन पेशंट थांबवून सगळं तपासलं. मी सर्टिफिकेटचा विषय काढला तर चष्मा काढून म्हणाले, "बाई, मला हिच्यात काही सापडत नाही. निरोगी मुलीला आजारी कसं लिहू? खोटं लिहिणार नाही मी." यांचा राग पण करता येईना. जीपमध्ये वैशू म्हणाली, "मी खोटी वाटते का गं त्यांना?"
उ.

२४ सप्टेंबर
तीन दिवस झो.
आज डेअरीत चूक झाली माझ्याकडून. तुकारामतात्यांच्या दुधाची फॅट एकदम चढली. तात्या खूश, "म्हशीनं मनावर घेतलंय राव!" मग ध्यानात आलं. किटली बराच वेळ उभी होती अन् मी न ढवळता वरचंच दूध तपासायला घेतलेलं. वर साय. ढवळून परत घेतलं तर नेहमीएवढीच. तात्यांचं तोंड उतरलं.
घरी येऊन ही वही चाळली. उठली की उ लिहिते, पडून राहिली की झो. जुन्नर उ, मग झो झो झो. परत जुन्नर उ, त्यावर चालवलं, मग नुसतं झो. मंचर उ, मग झो. अगं बाई! दरवेळी मी पोरीला आधी निजवून राखली, न्हाऊ घातली, वेण्या घातल्या अन् मग डॉक्टरपुढं उभी केली. त्यांनी झोची वैशू बघितलीच नाही. वरचं दूध मीच नेऊन दाखवलं, मग त्यांना काय शिव्या द्यायच्या? दोन-चार दिल्या तरी.

३० सप्टेंबर
परीक्षेच्या फॉर्मवर सही करायला शाळेत जावं लागलं. दोन तास बसली. मैत्रिणी भेटल्या, हसली पण. उ.
परवा-तेरवा काय होणार ते मला माहीत आहे. भाऊजींना (धाकटे दीर) गुरुवारी जीप रिकामी ठेवायला सांगितली.

३ ऑक्टोबर, गुरुवार
झालं तसंच. सकाळी मान धरवेना. अंगावर तीन दिवसांचा गाऊन, केसांच्या जटा. तशीच उचलली. आत्याबाई दारात आडव्या. "अशी नेतीस? लोकं म्हणत्याल आई पोरीला न्हाऊबी घालत न्हाई!" म्हणले, "म्हणू द्या."
वैशू रडायला लागली. "आई, वेणी तरी घाल. अशी नको नेऊ. लाज वाटते गं." फणी हातात घेतली होती. ठेवून दिली. जन्मात इतकी वाईट आई मी कधी झाले नव्हते.
मागच्या सीटवर झोपवून मंचरला नेली. नारायणगावच्या अलीकडे एक उलटी, पलीकडे एक.
डॉ. दारात बघून थांबले. "हिला काय झालं?" मी म्हणले, "काही न्हाई साहेब. मागच्या वेळी तुमच्याकडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी ही अशीच व्हती. तुमी तेवढी बघितली न्हवती." वही पुढं केली. उभ्यानेच चार पानं वाचली. मग वैशूला झोपवून नाडी मोजली. भाऊजींनी अन् मी धरून उभी केली, घड्याळ लावून परत मोजली, परत मोजली. ती पांढरी पडत चालली तसं, "झोपवा, झोपवा." झोपून ८४, उभी १३०.
म्हणले, "ह्या आजाराला काय म्हणत्यात?"
"मला माहीत नाही," म्हणाले. "मागच्या वेळी पण माहीत नव्हतं. तेव्हा हे म्हणायला हवं होतं मी."
लिहून दिलं: निदान झालेले नाही. मुलगी आजारी आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. चालवायचं बंद, दमायच्या आधी थांबवायचं. बरी कधी होईल विचारलं, तर म्हणाले, सांगता येणार नाही.

७ ऑक्टोबर
हेडसरांना कागद दिला. "वहिनी, आजाराचं नाव या रकान्यात काय लिहू?" म्हणले, डॉक्टरने जे लिहिलंय तेच लिहा. मान्य करतील का माहीत नाही म्हणाले, पुण्याला बोर्डाकडे पाठवतो. उत्तर कधी येईल तेही माहीत नाही.
झेरॉक्स घरी आणली. वैशूने मागून घेतली, पडल्या पडल्या तीन वेळा वाचली. मला वाटलं खूश होईल.
"आई, तुलापण वाटलं व्हतं ना, मी ढोंग करते?"
नाही म्हणायचं ओठावर आलं होतं. पण ज्या पोरीला कुणी खरं मानलं नाही तिच्याशी आपण खोटं बोलायचं?
"व्हय," म्हणले. "दोन-तीनदा वाटलं."
तिने भिंतीकडे तोंड केलं. मी पाठीवर हात ठेवला. झटकला नाही, पण वळलीपण नाही. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती, दाराशी कुणी तरी हाका मारत होतं. मी तशीच बसून राहिले.