तीस नॉर्मल माणसं

४ फेब्रुवारी

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव आमच्या विभागप्रमुख सरांचं, मग त्यांच्या दोन विद्यार्थिनींचं. त्यातल्या एकीला अजून खुर्चीचा पट्टा धड बांधता येत नाही. माझं नाव भिंग घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. चौदा वर्षं ती फिरती खुर्ची मी चालवते. अंधाऱ्या खोलीत माणसं बसवते, डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावते, गरगर फिरवते आणि डोळे कसे हलतात ते नोंदवते. त्यावरून कळतं, आतल्या कानातला तोल ठीक आहे की नाही. सर म्हणाले, "तुमच्याशिवाय हे झालंच नसतं." झालं, तोंडाला पानं पुसली!

७ फेब्रुवारी

ताईचा फोन. उचलला नाही.

८ फेब्रुवारी

पुन्हा फोन. आज उचलला. शाळेनं तिला पत्र दिलंय — चक्कर येते म्हणून तीन महिने रजा घेतलीत, पाच मार्चपर्यंत पुरावा द्या, नाहीतर नोकरी जाईल. "तूच तपास ना मला. तुझ्या यंत्रावर तरी दिसेल."

लहानपणापासून हेच. हिचं डोकं दुखलं की आई उशाशी बसायची. मला ताप आला की, झोप, उतरेल. म्हटलं, ये. होऊनच जाऊ दे एकदा खरं-खोटं.

१३ फेब्रुवारी

ताईला खुर्चीत बसवलं. अंधारात माणूस पेंगला की नोंद बिघडते, म्हणून आम्ही काहीतरी बोलायला लावतो. तिला सांगितलं, वर्गाची हजेरी घे. पट्टा घट्ट धरून तिनं अडतीस मुलांची नावं म्हटली, एकही चुकली नाही. विसाव्या नावापासून रडत होती.

आलेख नॉर्मलच्या पट्ट्यात, म्हणजे निरोगी माणसांवरून आखलेल्या दोन रेषांच्या मध्ये. अगदी खालच्या कडेला, पण आत. मी रिपोर्ट केला, सही केली. खाली सरांनीही केली.

"काहीच नाही?" तिनं दोनदा विचारलं.

"कानात काही नाही. मनावर घेणं सोड. आणि लोकांना खेळवणंही."

ते शेवटचं बोलायला नको होतं. पण बोलून बरं वाटलं — इथे तरी खोटं कशाला लिहू?

१९ फेब्रुवारी

ताईच्या नवऱ्याचा फोन. दाजी म्हणाले, "जिना बसून उतरते, एकेक पायरी. तुझा रिपोर्ट पुढे धरला की गप्प होते." ते हसले. मीही हसले.

२ मार्च

जुनी खुर्ची गेली, नवी आली. जोडायला कंपनीच्या इंजिनिअर बाई आल्यात, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. चाचणीला निरोगी माणूस हवं होतं. मी बसले, नेहमीसारखी. बाईंनी एकदा फिरवलं. परत फिरवलं. मग तिसऱ्यांदा.

"खुर्ची डावीकडे गेली की डोळे तितकेच उजवीकडे जायला हवेत. तुमचे निम्मेच जातात. डावा कान अधू आहे तुमचा."

"मला कधी चक्कर आलेली नाही."

"लहानपणापासून असेल तर मेंदू सांभाळून घेतो. मोठेपणी झालं की हाल होतात."

मी म्हटलं, यंत्र तपासा. त्या स्वतः बसल्या. यंत्र ठीक होतं.

"अहो पण, आमचं नॉर्मलच मी आहे," मी म्हणाले. त्यांना कळलं नाही. मला कळलं.

३ मार्च

आठ वर्षांपूर्वी नॉर्मलचा पट्टा ठरवायला तीस निरोगी माणसं हवी होती. आली एकोणीस. सर म्हणाले, "तुम्ही बसा की. निरोगी माणूस एकदा बसला काय नि अकरादा बसला काय!" मी अकरा वेळा बसले, दर वेळी नव्या क्रमांकानं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. माझ्या अधू कानानं पट्ट्याची खालची कड आणखी खाली ओढली. त्याच पट्ट्यावर बोट ठेवून आठ वर्षं किती जणांना सांगितलं — तुम्हाला काही नाही, मनाचे खेळ आहेत.

सरांकडे गेले. "त्याच पट्ट्यावर निबंध छापून झालाय. आता कशाला उकरून काढता?" आणि मी दारात पोचल्यावर, "सह्या तुमच्याही आहेत, बरं का."

ताईला फोन करायचा धीर झाला नाही. उद्या पक्कं काय ते बघते, मग करते.

४ मार्च

माझ्या अकरा नोंदी काढून टाकल्या. उरलेल्या एकोणीस जणांच्या पट्ट्यावर ताईचा आलेख ठेवला. बाहेर. चांगला दोन बोटं बाहेर. तिचाही डावाच कान.

नवा रिपोर्ट केला. सर सही देईनात. मी एकटीनं केली. माझी नोकरी गेली तर गेली. उद्या सकाळी ताईला घेऊन शाळेत जायचं.

५ मार्च

सकाळीच फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "कालच शाळेत लिहून दिलं गं. आजार नव्हता, सोंग होतं, माफी मागते. तुझा रिपोर्ट जोडला. नोकरी राहिली. आता नाही कोणाला खेळवणार मी. अजून रागावली आहेस?"