सीताफळाचा पाला

११ नोव्हें., मंगळ.
मालेच्या ओढ्यातल्या प्रेताची बाटली लॅबमध्ये आली; अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढायची. मेंढपाळ, म्हादू, चाळिशीचा. डोक्याला मार. प्रेतावरच्या अळ्या हवालदारांनी थेट स्पिरिटमध्ये टाकल्यात. आधी गरम पाण्यातून काढा म्हणून किती घसा फोडायचा! आक्रसून काळ्या पडल्यात सगळ्या.

१२, बुध.
झाडून सगळ्या बारक्या. जास्तीत जास्त दोन दिवसांच्या. प्रेत शुक्रवारी दुपारी उचललं, म्हणजे मृत्यू बुधवारच्या आधीचा नाही.
पोलिसांनी धाकटा भाऊ बिरू धरलाय. दोघांचं भांडण झालं रविवारी संध्याकाळी. सोमवारी पहाटे बिरू मेंढरं घेऊन रिहे गावाकडे गेला, आठवडाभर तिथेच. अख्ख्या वाडीने पाहिलंय. बुधवार ठरला की सुटला बिचारा. बरं वाटलं.
पण एका अळीला हिरवा कण चिकटलाय. पाल्याचा? खटकतंय.

१४, शुक्र.
मालेला जाऊन आले. हिंजवडीच्या ट्रॅफिकने दोन तास खाल्ले. सोबत हवालदार.
ओढ्याशी ठकूबाई भेटली, दोघांची आई. म्हादू तिलाच सापडला, गुरुवारी सकाळी. पोलीस पोचायला शुक्रवार दुपार झाली. तोवर ही त्याच्यापाशी बसून.
हिरव्या कणाचं विचारलं. "बघवंना वो बाई. मेंढराच्या जखमंत किडं पडलं की सीताफळाचा पाला वाटून लावतो आमी. त्योच लावला. मोठं मोठं किडं हातानं येचलं."
"पोलिसांना सांगितलंत?"
"कुणी इचारलंच न्हाई."
वेचलेले टाकले कुठे? "तितं, झाडाखाली पुरलं. जीव हाय त्यो बी."
बाटलीतल्या बारक्या अळ्या नंतरच्या! हिने साफ केल्यावर माश्यांनी पुन्हा अंडी घातली, त्यांतल्या. माझा बुधवार खोटा.
झाडाखालची माती चाळायला घेतली. हवालदार नाक धरून उभे.

१५, शनि.
मातीतून नऊ निघाल्या. मोठ्या, मेलेल्या. कॉस्टिक पोटॅशमध्ये मंद गरम करत ठेवल्या, आतला गर विरघळून नुसती साल उरेपर्यंत. एक जास्त वेळ राहिली, फाटली. लक्ष नव्हतं, चूक माझीच. आठ धुऊन, स्पिरिटमधून काढून लवंगतेलात, पारदर्शक व्हायला. दिवसभर लवंगेचा वास आणि डोक्यात ती बाई.

१७, सोम.
काचेवर घेतल्या. मागच्या टोकाला श्वासाच्या फटी तीन-तीन. आठही तशाच. म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या, गुरुवारी सकाळीच तीन-चार दिवसांच्या. रविवार रात्र किंवा सोमवार. सोमवार दुपार असेल तर बिरू रिह्यात होता. रविवार रात्र असेल तर... ओढ्यात त्या दिवसांत गारवा किती होता त्यावर आहे सगळं; गारठ्यात अळ्या सावकाश वाढतात. हवामानाचे आकडे मागवलेत. येतील तेव्हा.
पाल्याचं अहवालात लिहिलं. न लिहून चालणार होतं का? मोह झाला, खरंच झाला.
दुपारी ठकूबाईचा फोन, कुणाच्या तरी मोबाइलवरून. गावात कुणीतरी तिला समजावून सांगितलेलं दिसतंय.
"बाई, म्या बोलली नसती तर बिरू सुटला असता, व्हय?"
अजून काही ठरलेलं नाही म्हटलं. खरंच आहे ते.
मग म्हणाली, "म्हंजी म्हादूला किडं खात व्हतं, ते म्या तसंच बगत बसायचं व्हतं?"
फोन तिनेच ठेवला.