उसनं नाक

३ नोव्हेंबर

आजही नाही. उठल्या उठल्या साबण नाकाशी धरला, मग चहाची पूड, मग ह्यांच्या बूटपॉलिशची डबी — काही नाही! भिंत हुंगावी तसं. ताप कधीच उतरला. सर्दी गेली, खोकला गेला, जिभेची चव अर्धीमुर्धी परतली. नाकानं मात्र गाशा गुंडाळला तो गुंडाळलाच.

सांगणार कोणाला? हे परगावी, लिफ्ट बसवायच्या कामावर. म्हणतील, डॉक्टरकडे जा. डॉक्टर कंपनीचाच! आणि कंपनीत माझं काम काय, तर वास घेणं. विजेवर तापणारी, भिंतीत खोचायची सुगंधाची यंत्रं आम्ही बनवतो. वर प्लग आणि तापणारी पट्टी, खाली तेलाची बाटली, बाटलीतून वर आलेली वात. कुठलं तेल चांगलं, कुठलं डोकं उठवतं, कुठल्या यंत्रात करपट येतो — हे मी ठरवायचं. त्या कामाशिवाय मी कोण, हे मला खरंच माहीत नाही. शाळा सोडल्यापासून दुसरं काही केलेलं नाही.

५ नोव्हेंबर

वासखोल्यांची फेरी. काचेचं दार, आत साधी खुर्चीसुद्धा नाही, भिंतीत एक यंत्र चालू. आत जायचं, दोन श्वास, बाहेर येऊन गुण लिहायचे. दोन खोल्यांच्या मध्ये आपल्याच बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. मी सगळं रीतसर केलं. बाहीसुद्धा हुंगली! आवाज गेलेल्या गाणाऱ्यानं नुसते ओठ हलवावेत, तसं. गुण दिले मधले — ना बरे, ना वाईट.

साहेब कागद बघून म्हणाले, "बाई, आज हात फार आखडता." हसले. मीही हसले.

६ नोव्हेंबर

पकडली जाणार.

९ नोव्हेंबर

एक गोष्ट केली आहे. चांगली की वाईट ते ठरवत नाही.

साहेबांना म्हटलं, वासखोलीत सोफा नाही, पडदे नाहीत, स्वयंपाक नाही. घरात वास कसा लागतो ते घरातच बघायला हवं. नमुने घरी नेऊ का? साहेब म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?" पिशवी भरून यंत्रं दिली.

घरी सासूबाई. त्या इथे राहायला आल्यापासून आमचं सूत काही जमलेलं नाही. जन्मभर शाळांचे गणवेश शिवले त्यांनी. आता बोटं आखडली, मशीनवर चादर पडली. दिवसभर खिडकीत बसून माझ्या चुका वेचायच्या, एवढंच काम उरलं. मी भांडं घासलं की त्या पुन्हा घासणार. पण माझं पूर्वीचं नाक त्यांनाही मान्य होतं. "नाक मात्र तिखट हो हिचं," असं पाहुण्यांना सांगायच्या.

हॉलमध्ये यंत्र लावलं. म्हटलं, "आई, जरा सांगता का, कसा वास येतोय?"

माझ्याकडे बघत राहिल्या. "मला विचारतेस? तू?"

"हो. मला दुसऱ्या कुणाचं मत हवंय."

वाकून बाटली पाहिली, मग डोळे मिटून लांब श्वास घेतला. म्हणाल्या, "उन्हात वाळत घातलेल्या चादरी. आणि बाजूला कुणीतरी लिंबू कापतंय." मी जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

१० नोव्हेंबर

लिंबाचंच तेल होतं ते! साहेब दोनदा वाचून म्हणाले, "चादरी! बाई, इतक्या वर्षांत असं काही लिहिलं नव्हतंत." अंगावरून मणाचं ओझं उतरलं.

१४ नोव्हेंबर

आता हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, सासूबाईंच्या खोलीत एक. मी कामावरून येते तेव्हा त्या केस विंचरून दारात उभ्या असतात. "आज काय आणलंस?" आज म्हणाल्या, हिरवं आहे ते कापलेल्या गवताचं, आणि तपकिरी आहे ते नव्या पुस्तकांच्या कपाटाचं. चहा करून दिला मला. साखर बरोबर होती.

मग म्हणाल्या, "साहेबांना सांग, सासू ठेवली आहे कामाला."

चेष्टाच होती ती. मी हसले, पण जरा उशिरा.

१७ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली. नाकाला रुमाल. "अहो, काय लावता काय घरात? तुमच्या दारावरून जाताना डोकं भणभणतं." म्हटलं, कामाचं आहे, थोडे दिवस. ती म्हणाली, "तुम्ही राहता कशा आत?"

कशी राहते? मला घर पुसलेल्या पाटीसारखं आहे. काही लिहिलेलंच नाही. सासूबाईंना विचारलं, त्रास होतो का? "छे! मला बरं वाटतं. घर भरल्यासारखं." खोकल्या जरा. डोळे चुरचुरतात म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर

दूध करपलं. पातेलं काळं ठिक्कर. मी हॉलमध्ये कागद लिहीत होते. सासूबाई ओट्याजवळच भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं, तू आटवायला ठेवलंयस." आमचं घर हे असं — दोघींनाही वाटतं, दुसरीचं लक्ष आहे.

दूध गेलं त्याचं काही नाही. पण उद्या पडदा पेटला तरी मला डोळ्यांनी दिसेपर्यंत कळणार नाही. भीती वाटते. मनापासून लिहिते आहे — बरं झालं, सासूबाई घरात आहेत.

२४ नोव्हेंबर

नवं मॉडेल आलं. आकारानं निम्मं, ताप मात्र जास्त, म्हणजे मोठ्या खोलीतही वास पोचावा. आमच्याकडचे वायरमनदादा यंत्र तळहातावर फिरवत म्हणाले, "हा कोपरा तापतोय बाई. मीटरवर मापात बसतं. पण प्लास्टिक करपायला लागलं की मीटरच्या आधी नाकाला कळतं. सलग चालू ठेवा आणि तुम्हीच बघा."

साहेब म्हणाले, "बाई हो म्हणाल्या की माल बाहेर."

सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायची वेळ होती ती. तोंड उघडलंही. "बघते," एवढंच बाहेर पडलं.

२५ नोव्हेंबर

नवं यंत्र सासूबाईंच्या खोलीत, कपाटामागच्या बोर्डात लावलं. आडोशाची जागा मुद्दामच निवडली; लोक अशाच ठिकाणी लावतात. बंद करायचं नाही असं बजावलं.

त्यांना समोर बसवून म्हटलं, "आई, नीट ऐका. फुलांच्या वासाच्या आत कुठे करपट येतंय का? इस्त्री विसरल्यासारखं, प्लास्टिक तापल्यासारखं? आज गंमत नाही. यावर फार अवलंबून आहे."

डोळे मिटले. किती वेळ लावला! "नाही गं. गुलाब. पाणी शिंपडलेला. बाकी काही नाही."

"नक्की?"

"नक्की. किती काळजी करशील?" आणि माझ्या गालावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

२७ नोव्हेंबर

दोघींचं डोकं दुखतंय. सासूबाईंचा खोकला वाढला आहे. त्यांची खिडकी उघडी ठेवली की त्या लावून घेतात — वास उडून जाईल म्हणतात, मग तुला काय सांगू?

कपाटाच्या फटीतून डोकावले. यंत्राच्या वर भिंतीला पिवळट डाग. तेलाच्या वाफेचा असेल. हात लावला, चटका बसला. तापणं हे त्याचं कामच आहे. तरी पुन्हा विचारलं. "आज तर उलट जास्त छान येतोय," म्हणाल्या.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेले. म्हटलं, शेजारणीला खाली बोलवावं, नुसतं खोलीत उभं करावं. बेलपाशी बोट गेलं. ती काय विचारेल ते आधीच ऐकू आलं — 'अहो, तुम्हाला येत नाही का वास?' ही बाई बोलघेवडी. तिचा भाऊ आमच्या पॅकिंगमध्ये. बोट मागे घेतलं. शेजारीण असावी, पण अशी नाक खुपसणारी नको. हा विनोद मलाच सुचला आणि मलाच त्याची लाज वाटली.

२८ नोव्हेंबर

स्वप्नात वास आला. कशाचा ते आठवत नाही. जागी होऊन रडले.

२९ नोव्हेंबर

सही केली. 'करपट वास नाही. घरात सलग चालवून पाहिलं.' दोन्ही वाक्यं खरी आहेत, असं स्वतःला समजावत होते. पेन ठेवताना वायरमनदादा म्हणाले, "सुटलो बाई. मला उगीच धाकधूक होती. तुम्ही म्हणता म्हणजे झालं." त्यांनी असं म्हणायला नको होतं. वाद घालायला हवा होता.

जिना उतरताना पाय हलके झाले नाहीत. वाटलं होतं, होतील.

१ डिसेंबर

ह्यांचा फोन. काम आटोपत आलंय, लवकर येतो म्हणाले. "तुझ्या आवाजाला काय झालंय?" म्हटलं, दमले. "आणि आईचं काय चाललंय? परवा फोनवर सगळा वेळ तुझंच कौतुक! सूर्य कुठल्या बाजूला उगवला?"

ह्यांना सांगून टाकावं. आल्यावर सांगेन. समोर बसून सांगेन.

२ डिसेंबर

नवा माल आज गेला. गोदामाच्या दारात गाड्या रांगेनं उभ्या होत्या. खोक्यांवर माझाच शब्द छापलेला — 'घरात पारखलेलं.' साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. लोकांना वाटलं, विनय.

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, चाचणी संपली, आता यंत्र काढते. तर म्हणाल्या, "राहू दे गं. सवय झाली त्याची." मग दुसरीकडे बघत — "तू येऊन विचारतेस ना, तेव्हा दिवस सरल्यासारखा वाटतो. नाहीतर मला कोण काय विचारतंय?"

काढलं नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात इतकं प्रेम कधी दाटलं नव्हतं. इतके दिवस आम्ही एकमेकींना नुसत्या टाळत होतो, हे किती वाया गेलं! उद्या त्यांना खरं सांगायचं. म्हणायचं, आई, तुम्ही माझी लाज राखलीत.

३ डिसेंबर

हे आज दुपारीच आले. बॅग हातात तशीच, दारातूनच ओरडले, "काय जळतंय?"

आम्ही दोघी सासूबाईंच्याच खोलीत चहा पीत बसलो होतो.

ह्यांनी धावत जाऊन मेन बंद केला, कपाट ओढलं. यंत्र वितळून भिंतीला चिकटलं होतं. कपाटाची पाठ आतल्या आत धुमसत होती. "घरभर जळका वास कोंडलाय आणि तुम्ही चहा पिताय?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. गाड्या परत बोलवा म्हटलं. माझं नाक मेलंय, केव्हाचं मेलंय, तेही सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग इतके दिवस वास घेत होतं कोण?"

"आमच्या सासूबाई," म्हटलं आणि त्यांच्याकडे वळले. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मला कुठला वास यायला?" त्या म्हणाल्या. "ह्याचे बाबा गेले त्याच्याही आधीपासून नाही येत. बाटलीचा रंग बघून सांगायचे मी. मला वाटलं, म्हातारीचा वेळ जावा म्हणून विचारतेस. तुझं मन मोडवेना."